रोड रनरसाठी टॉर्कफ्लाइट : जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची ओळख पटवताना (प्रकल्प नोंदी)

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार. ट्रॉय, मिशिगन

दसरा. सकाळी पान्यांच्या पेटीला हळदकुंकू, जॅकला झेंडूचं फूल, आणि पूजा आटोपून थेट इप्सिलँटीच्या रस्त्याला लागलो. तिथलं एक जुनं वर्कशॉप बंद होतंय. मालकाचं वय झालं, पुढे चालवायला कोणी नाही. मागच्या शेडमध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचा ढीग पडलेला. सुटा एक द्यायला तो तयार नव्हता, घ्यायचा तर सगळा लॉट. घेतला.

आपली गाडी १९६८ ची प्लायमाउथ रोड रनर (प्लायमाउथ हा क्रायस्लरचाच ब्रँड), ३८३ घनइंची इंजिन, ३३५ अश्वशक्ती. कमी पैशात वेगवान गाडी हवी असलेल्या पोरांसाठी प्लायमाउथनं त्या वर्षी ही बाजारात आणली. मूळ किंमत २,८९६ डॉलर, आत चैनीचं काहीही नाही, सगळा पैसा इंजिनात आणि चेसिसमध्ये घातलेला. चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स किमतीतच मिळायचा, तीन गिअरच्या टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिकला वेगळे पैसे. आपली गाडी टॉर्कफ्लाइटवाली, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअरचा लीव्हर. पण मी घेतली तेव्हा इंजिनाच्या मागे नुसती पोकळी होती. ट्रान्समिशन कधी, कुठे गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही.

लॉटमधल्या एका बॉक्सवर खडूनं लिहिलंय, 'रोड रनर ६८, ओरिजिनल'. त्याच्यासाठीच तर गेलो होतो. दुसऱ्या एकावर 'कोब्रा जेट ४२८', म्हणजे फोर्डचं ४२८ घनइंची इंजिन, आणखी एकावर नुसतं 'शेवी', म्हणजे शेव्हरले. बाकीचे बिननावाचे. सगळ्यांवर बोटभर जाडीचं काळं चिकट किटण.

अनिकेत, माझा पुतण्या, ॲन आर्बरहून मदतीला आला होता. रात्री सगळे बॉक्स गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर मांडले. आज एवढंच.

१३ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर घासकाम. डिग्रीझर, पितळी तारेचा ब्रश, लाकडाची चपटी पट्टी. अनिकेतला पहिली ताकीद दिली ती ग्राइंडर आणि लोखंडी ब्रश लांब ठेवण्याची. या बॉक्सांची जन्मकुंडली ॲल्युमिनियमच्या कडेवर ठोकलेल्या उथळ आकड्यांत असते. लोखंडी ब्रश दोनदा फिरला की ती पुसट होते, ग्राइंडर लागला की गेलीच.

"काका, ऑइल पॅनचे बोल्ट मोजले की कळतं ना कुठला ते?"

काही ठिकाणी कळतं, काही ठिकाणी नाही. मोजायला लावलं. शेव्हरलेच्या दोन गिअरच्या पॉवरग्लाइडला १४. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटलाही १४, मग तो लहान ९०४ असो की मोठा ७२७. जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक ३५० ला १३ आणि ४०० लाही १३. फोर्ड तेवढं सरळ, सी-४ ला ११ आणि सी-६ ला १७. म्हणजे फोर्डच्या दोन भावांत बोल्ट मोजून निवाडा होतो, जनरल मोटर्सच्या दोघांत होत नाही, क्रायस्लरच्या दोघांतही नाही. तिथे पॅनचा आकार बघायचा. ३५० चा पॅन जवळपास चौकोनी, एक कोपरा तिरका छाटलेला. ४०० चा वेडावाकडा. अमेरिकेत त्याला टेक्सास राज्याच्या नकाशाची उपमा देतात.

'कोब्रा जेट ४२८' लिहिलेल्या बॉक्सचा निकाल लगेच लागला. पॅनला ११ बोल्ट, आणि पुढचं बेलहाउसिंग (इंजिनाला जोडलं जाणारं घंटेसारखं आवरण) बोल्ट काढून वेगळं होणारं. हा सी-४. फोर्डनं मस्टँगमध्ये ४२८ कोब्रा जेट १९६८ मध्ये बसवलं, आणि त्याच्यामागे ऑटोमॅटिक म्हणून सी-६ दिला. सी-६ चं बेलहाउसिंग केसिंगबरोबर एकसंध ओतलेलं असतं, ते सुटत नाही. सी-४ हा २८९ आणि ३०२ सारख्या लहान व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांचा जोडीदार. चांगला बॉक्स आहे, पण ४२८ च्या मागे कारखान्यानं तो कधीच दिला नाही. खडू पुसून टाकला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज अनिकेतला माझी पद्धत नीट समजावून दिली. इथेही सविस्तर लिहून ठेवतो, कारण माझ्या मते ओळखीचा खरा धागा हाच आहे.

ऑटोमॅटिक ट्रान्समिशनला दोन गोष्टी कळाव्या लागतात, गाडी किती वेगात आहे आणि चालकानं पेडल किती दाबलंय. वेग त्याला मागच्या शाफ्टवरच्या गव्हर्नरकडून कळतो, तो आत असतो, बाहेरून दिसत नाही. पायाची बातमी मात्र बाहेरूनच यावी लागते. ती कुठल्या वाटेनं आत येते ते शोधलं की बॉक्स कुठल्या घराण्याचा ते कळतं, आणि शिवाय तो आपल्या गाडीत कसा जोडायचा तेही कळतं. बोल्ट मोजून हे दुसरं कळत नाही.

टर्बो हायड्रामॅटिक ४०० मध्ये ही बातमी दोन वाटांनी येते. इंजिनावरचा भार कळतो इनटेक मॅनिफोल्डच्या निर्वातातून. उजव्या अंगाला, पुढच्या अर्ध्यात, एक गोल डबी असते. तो व्हॅक्यूम मॉड्युलेटर. त्याला इंजिनाकडून रबरी नळी येते. आणि पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकण्याचा हुकूम विजेच्या तारेनं येतो, त्यासाठी केसिंगच्या डाव्या बाजूला वायरचा कनेक्टर असतो. केबल कुठेच नाही.

टर्बो ३५० मध्ये मॉड्युलेटर आहे, पण तो उजव्या बाजूला मागे. आणि पूर्ण दाबाचा हुकूम कार्ब्युरेटरपासून येणाऱ्या केबलनं मिळतो. केबलचं भोक दिसलं आणि वायरचा कनेक्टर नसला की ३५०.

पॉवरग्लाइडमध्ये मॉड्युलेटर असतो, शिवाय थ्रॉटलकडून येणारी सळई. फोर्डच्या सी-४ आणि सी-६ मध्येही मॉड्युलेटर आणि किकडाउनची (खालचा गिअर टाकणारी) सळई.

आणि टॉर्कफ्लाइट. त्याला निर्वाताची नळी नाही, विजेचा हुकूम नाही. डाव्या बाजूला एकात एक बसवलेले दोन दांडे बाहेर येतात. एकाला गिअरचा लीव्हर, दुसऱ्याला थ्रॉटलचा. कार्ब्युरेटरपासून निघालेल्या सळ्या त्या थ्रॉटल लीव्हरला येऊन मिळतात. पेडल जेवढं दाबाल तेवढा तो लीव्हर फिरतो आणि आतल्या तेलाचा दाब तेवढा वाढतो. ही सळई फक्त खालचा गिअर टाकण्यापुरती आहे असं समजून लोक ती काढून ठेवतात. गाडी चालते, गिअरही बदलतात, पण दाब कमी पडल्यानं क्लच प्लेटा घसरत राहतात आणि थोड्याच मैलांत जळून जातात. चांगले बनवलेले ७२७ असे वाया गेलेले मी पाहिलेत, म्हणून हे जीव तोडून सांगतो. सळई जोडल्याशिवाय टॉर्कफ्लाइट रस्त्यावर काढू नये, घराच्या उतारावरूनसुद्धा नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

'शेवी' लिहिलेला बॉक्स. १३ बोल्ट, टेक्सासचा पॅन, पुढे मॉड्युलेटर, डावीकडे वायरचा कनेक्टर. टर्बो ४०० यात शंका नाही. पण शेवी? बेलहाउसिंगच्या माथ्याकडे बघितलं. शेव्हरलेच्या नमुन्यात तिथे मध्यभागी उंचवटा असतो. ब्युइक, ओल्ड्समोबिल, पॉन्टियाक आणि कॅडिलॅक यांच्या नमुन्यात तिथे खोलगट दरी. इथे दरी. म्हणजे शेव्हरलेच्या इंजिनाला हा बसणारच नाही.

मग उजव्या बाजूचं टॅग. टर्बो ४०० ला तिथे धातूची पट्टी असते, तिच्यावर वर्षाचे दोन आकडे आणि अक्षरांचा कोड. पहिलं अक्षर जनरल मोटर्सच्या विभागाचं : ए कॅडिलॅक, बी ब्युइक, सी शेव्हरले, ओ ओल्ड्समोबिल, पी पॉन्टियाक. घासल्यावर दिसलं ६७ आणि पी.

हे वाचल्यावर मी दोन मिनिटं काम थांबवलं. पॉन्टियाक जीटीओ १९६४ मध्ये आली आणि मसल कारची (मध्यम गाडीत मोठं इंजिन) लाटच सुरू झाली, पण १९६६ पर्यंत तिला ऑटोमॅटिक घ्यायचा तर दोनच गिअरचा मिळायचा. तीन गिअरचा टर्बो ४०० तिला १९६७ मध्ये मिळाला. त्याच वर्षी ओल्ड्समोबिल ४४२ ला मिळाला, शेव्हेल एसएस ३९६ लाही. म्हणजे हा त्या पहिल्या वर्षाचा बॉक्स. जीटीओचाच आहे असं ठाम म्हणता येत नाही, कारण पॉन्टियाकच्या मोठ्या गाड्यांतही हाच प्रकार होता. पुढचं अक्षर गंजलंय, ते नीट वाचल्याशिवाय लेबलवर जीटीओ लिहिणार नाही.

याच सुमाराच्या ४०० मध्ये आणखी एक भेद असतो. १९६५ ते १९६७ दरम्यान ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकच्या काही बॉक्सांत टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची फिरकी तेलातून बॉक्सकडे नेणाऱ्या भागाच्या) आतली पाती कोन बदलायची, त्याला स्विच-पिच म्हणतात. बाहेरची खूण म्हणजे कनेक्टरला एकाऐवजी दोन पिना. पॉन्टियाकला ही सोय नव्हती, आणि इथे पिन एकच. टॅगला पुष्टी मिळाली.

पलीकडच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ संध्याकाळी डोकावले. आयुष्याची बरीच वर्षं विलो रनच्या हायड्रामॅटिक कारखान्यात काढलेली. १९५३ च्या ऑगस्टमध्ये लिव्होनियाचा हायड्रामॅटिक कारखाना आगीत भस्मसात झाला, तेव्हा जनरल मोटर्सनं विलो रनची ती अजस्र इमारत घेतली. महायुद्धात तिथे बी-२४ बॉम्बर बनायचे. त्यांनी ४०० वर हात फिरवला, मॉड्युलेटरची नळी जिथे लागते त्या तोंडात कापसाची काडी घातली आणि मला दाखवली. काडी लाल, तेलकट. "डायफ्राम फाटलाय. इंजिन इथून तेल ओढत होतं. ही गाडी मागून पांढरा धूर सोडत असणार." बॉक्स न उघडता निदान. मॉड्युलेटर दहा-पंधरा मिनिटांत बदलता येतो. याच लक्षणावरून पूर्वी किती लोकांनी इंजिन खोलायला काढलं असेल.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पॉवरग्लाइड आणि ३५० उरकले. पॉवरग्लाइडच्या केसिंगवर नावच ओतलेलं, वाद नाही. ३५० १९६९ पासून आला आणि शेव्हरलेच्या लहान गाड्यांतून त्यानं पॉवरग्लाइडला हळूहळू हटवलं. दोघांच्या मागच्या योकचे (बॉक्सला मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टशी जोडणाऱ्या तुकड्याचे) दाते सारखेच, २७. त्यामुळे अदलाबदल सोपी पडते. ४०० चे दाते ३२, त्याला योक वेगळा लागतो. ३५० च्या टेल हाउसिंगच्या (मागच्या शेपटीसारख्या आवरणाच्या) तीन लांब्या आहेत, ६, ९ आणि १२ इंच. घेणाऱ्यानं आधी मोजून यावं. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. आता आपल्या कामाचे तीन टॉर्कफ्लाइट.

क्रायस्लरबद्दल मला लहानपणापासून ओढा आहे. वडिलांच्या तोंडून ऐकलेलं, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, वालचंद हिराचंदांच्या कारखान्यात, फियाटच्या आधी डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या जायच्या. मुंबईच्या रस्त्यावर एकेकाळी प्लायमाउथ हे घरातलं नाव होतं.

तिघांच्याही पॅनला १४ बोल्ट. एकाचा पॅन आटोपशीर, जवळपास आयताकृती, केसिंगही बारीक. दोघांचे पॅन ओबडधोबड, एक कोपरा बाहेर आलेला. पण नुसत्या नजरेवर मी जात नाही. मागच्या शाफ्टचे दाते मोजले : बारीक बॉक्सचे २६, दोन्ही मोठ्यांचे ३०. म्हणजे एक ९०४ आणि दोन ७२७. ९०४ आला १९६० मध्ये, स्लँट-सिक्ससाठी (तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन) आणि पुढे लहान व्ही-८ साठी. ॲल्युमिनियमचा ७२७ आला १९६२ मध्ये, आणि क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनापर्यंत सगळं त्यानं पेललं. गिअरचं प्रमाण त्या काळात दोघांचं एकच, २.४५, १.४५ आणि १. चालवून फरक कळणार नाही.

वर्षांचे टप्पे बाहेरून दिसतात, तेही लिहून ठेवतो. १९६४ पर्यंत क्रायस्लरच्या गाड्यांत गिअर बटणांनी टाकायचे, बटणांपासून केबल जायची. १९६५ मध्ये बटणं जाऊन लीव्हर आला, केबल मात्र राहिली. १९६६ पासून केबलच्या जागी सळ्या आल्या, मागचा पंप काढून टाकला, आणि शाफ्टला जोडणाऱ्या फ्लँजऐवजी सरकणारा योक आला. मागचा पंप गेल्यामुळे ढकलून गाडी सुरू करायची सोय संपली. १९६७ पासून ७२७ च्या इनपुट शाफ्टचे दाते १९ चे २४ झाले. जुना कन्व्हर्टर नव्या बॉक्सला लागत नाही, हे विकत घेताना हमखास विसरलं जातं.

आपल्या दोन्ही ७२७ ना सरकता योक, इनपुटला २४ दाते. दोघेही १९६७ किंवा नंतरचे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

बेलहाउसिंग. ७२७ चं बेलहाउसिंग केसिंगबरोबरच ओतलेलं, त्यामुळे इंजिनाचं घराणं इथे पक्कं होतं, बदलता येत नाही. स्लँट-सिक्सचा नमुना वेगळा. २७३, ३१८, ३४० आणि ३६० या लहान व्ही-८ चा वेगळा. ३८३, ४४० आणि ४२६ हेमी यांचा तिसरा. १९७२ पासून अमेरिकन मोटर्सच्या गाड्यांतही टॉर्कफ्लाइट दिसतो, त्यांच्यासाठी चौथा.

छायाचित्रांवरून नमुना ओळखणारे आहेत, मी त्यांच्या वाटेला जात नाही. गाडीखाली शिरून इंजिनाच्या मागच्या तोंडावर जाड पुठ्ठा दाबला, डॉवेल पिना (दोन्ही तोंडं नेमक्या जागी धरणाऱ्या) आणि बोल्टची भोकं बोटानं दाबून उमटवली, आणि टोच्यानं पाडली. ३८३ चा छापच हातात आला. तो पुठ्ठा पहिल्या ७२७ च्या तोंडावर ठेवला तर दोन भोकांनंतर तिसरं बोटभर सरकलेलं. तो लहान व्ही-८ चा. दुसऱ्यावर, म्हणजे 'रोड रनर ६८, ओरिजिनल'वर, ठेवला. सगळी भोकं एकावर एक, डॉवेल पिनेची जागासुद्धा. अनिकेतनं प्रत्येक भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून खात्री केली.

मोठ्या इंजिनाचा ७२७ आपल्याकडे आहे, आणि तो ३८३ ला बसतो. एवढं आज पक्कं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आता 'ओरिजिनल' या शब्दाची पडताळणी.

पहिली शंका डाव्या बाजूच्या न्यूट्रल सेफ्टी स्विचनं घातली. गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच स्टार्टर फिरू देणारा हा स्विच. १९६८ पर्यंत त्याला एक पिन असायची. १९६९ पासून रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच त्यातच आला आणि पिना तीन झाल्या. आपल्या बॉक्सला तीन. स्विच हा बदलता येणारा भाग आहे, कुणी नंतर बसवलाही असेल, म्हणून एवढ्यावर निकाल दिला नाही.

मग पॅनच्या वरची डावी कड. टॉर्च सपाट, कडेला समांतर धरली, म्हणजे ठोकलेल्या आकड्यांची सावली पडते. समोरून प्रकाश टाकला की काहीच दिसत नाही. कोरडा खडू हलका फिरवला. आधी पीके ही दोन अक्षरं, मग सात आकडी भाग क्रमांक, मग चार आकडी दिवस, मग त्या दिवसाचा अनुक्रमांक. क्रायस्लर कारखान्यात तारीख लिहीत नसत. १९६२ च्या आरंभापासून दिवस ओळीनं मोजत जायचे, दहा हजारांपर्यंत. आपल्या बॉक्सचा दिवस २६०० च्या जरा पुढचा. १९६८ साल सुरू होतं २१९० च्या आसपास, १९६९ साल २५५० च्या पुढे. म्हणजे हा बॉक्स १९६९ च्या फेब्रुवारी-मार्चमधला.

तिसरा पुरावा सगळ्यात बोलका. १९६८ च्या मॉडेलपासून गाडीच्या ओळख क्रमांकाचा शेवटचा भाग इंजिनावर आणि ट्रान्समिशनवर ठोकलेला असतो. त्यातला पहिला आकडा मॉडेलच्या वर्षाचा, पुढचं अक्षर कारखान्याचं. आपल्या गाडीच्या डॅशवर ८ आणि ए : १९६८, डेट्रॉइटमधला लिंच रोड कारखाना. बॉक्सवर ९ आणि जी : १९६९, सेंट लुइस. शिक्के खोटे ठोकल्याची शंकाही घेऊन पाहिली. खरे शिक्के हातानं ठोकलेले असतात, खोली कमीजास्त, रेघ किंचित वाकडी, आणि आजूबाजूला ओतकामाचा मूळ पोत शाबूत. इथे तसंच आहे. कोणी फसवलेलं नाही. पन्नास-पंचावन्न वर्षांत कुणीतरी एक चांगला बॉक्स दुसऱ्या गाडीसाठी राखून ठेवला आणि त्यावर इच्छा म्हणून एक शब्द लिहिला.

वर्कशॉपच्या मालकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, खडूची अक्षरं त्यांच्या आधीच्या माणसाची, त्यांनी स्वतः कधी बॉक्स पालथा घालून बघितला नव्हता. पैसे परत देऊ का, असंही विचारलं. नको म्हटलं.

अनिकेत जरा हिरमुसला. "मग काका, हा आपला नाहीच?"

जन्मानं नाही. बसतो, चालतो, त्या काळाचा आहे, त्याच इंजिनाच्या कामासाठी बनलेला आहे. एवढंच की तो १९६८ चा मूळ बॉक्स आहे असं आपण कुणालाही सांगणार नाही. गाडीच्या वहीत आजच्या तारखेनं लिहिलं : ट्रान्समिशन १९६९, सेंट लुइसच्या गाडीतलं, मूळचं नाही. सोबत शिक्क्यांचे फोटो चिकटवले. पुढे गाडी कुणाच्याही हातात गेली तरी त्याला हा शोध पुन्हा घ्यावा लागू नये.

३० नोव्हेंबर, शनिवार

लहान व्ही-८ चा ७२७, ९०४, सी-४, ३५० आणि पॉवरग्लाइड यांना तारेनं पत्र्याची लेबलं बांधली. प्रत्येकावर कुठली खूण बघून काय ठरवलं ते लिहिलं, नुसतं नाव नाही. १९६७ च्या ४०० चं गंजलेलं अक्षर अजून वाचता आलेलं नाही, त्याच्या लेबलवर 'पॉन्टियाक, १९६७' एवढंच.

सी-४ साठी एक माणूस येऊन गेला, १९६५ च्या मस्टँगवाला. त्याला आधी बेलहाउसिंग मोजायला सांगितलं. १९६४ पर्यंतच्या लहान फोर्ड व्ही-८ ला ते पाच बोल्टनं लागायचं, १९६५ पासून सहा. आपलं सहाचं. त्याच्या कामाचं निघालं. त्याच्या गाडीत गिअरच्या खुणा पी, आर, एन, मग एक लहान ठिपका, एक मोठा ठिपका आणि एल अशा आहेत. १९६७ पासून फोर्डनं ठिपके काढून डी, २, १ केलं, आणि व्हॉल्व्ह बॉडीही (आतलं तेल कुठे जाईल ते ठरवणारा भाग) बदलली. बॉक्स नंतरचा असेल तर त्याच्या गाडीवरच्या खुणा आणि हाताला लागणारे गिअर जुळणार नाहीत. टॅग इंटरमीडिएट सर्व्होच्या (मधल्या गिअरचा पट्टा आवळणाऱ्या भागाच्या) बोल्टखाली असतं, ते नेमकं हरवलेलं. मी त्याला हे सगळं सांगून, आधी बॉक्स उघडून बघ आणि मग पैसे दे, असं म्हटलं.

१५ मार्च २०२५, शनिवार

थंडी उतरली. मधल्या काळात आपला ७२७ नव्या क्लच प्लेटा, बँड (आतले ड्रम आवळणारे पट्टे) आणि सील घालून तयार झाला. पॅनच्या तळाशी जुन्या प्लेटांची काळी पूड होती, धातूचे कण नव्हते. बाहेरून समायोजन करायच्या पुढच्या बँडचा स्क्रू ७२ इंच-पाउंडला घट्ट करून, मॅन्युअलमध्ये या इंजिनासाठी दिलेले फेरे मागे घेतला.

आज चढवला. कन्व्हर्टर आधी बॉक्समध्ये बसवायचा, आणि तो आत ढकलत फिरवत राहायचं. टप्प्याटप्प्यानं खाली बसतो. शेवटचा टप्पा पंपाच्या दोन खाचांत. तो टप्पा न बसता बेलहाउसिंगचे बोल्ट आवळले तर पंप फुटतो. फ्लेक्सप्लेटच्या (इंजिनाच्या मागच्या पातळ चकतीच्या) चार भोकांपैकी एक किंचित सरकवलेलं असतं, त्यामुळे कन्व्हर्टर एकाच स्थितीत बसतो. ते भोक खडूनं खूण करून ठेवलं होतं, दोघांचंही काम सोपं झालं.

स्विचच्या तीन पिनांपैकी मधली स्टार्टरसाठी, तिला गाडीची एकुलती वायर जोडली. बाजूच्या दोन रिव्हर्स दिव्याच्या, त्या मोकळ्या. आपल्या गाडीत तो स्विच स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे.

थ्रॉटलची सळई स्वतः जोडली, अनिकेतला पेडल दाबून धरायला लावून खालून बघितलं. पेडल तळाला गेलं तेव्हा ट्रान्समिशनवरचा लीव्हरही शेवटपर्यंत गेला, कार्ब्युरेटरच्या आधी नाही, नंतरही नाही.

५ एप्रिल, शनिवार

पहिली फेरी. पहिला ते दुसरा, दुसरा ते तिसरा, घट्ट आणि वेळेवर. पेडल पूर्ण दाबलं की लगेच खाली येतो. वुडवर्ड अव्हेन्यूपर्यंत जाऊन आलो. १९६० च्या दशकात याच रस्त्यावर याच गाड्या रात्री एकमेकींशी भिडायच्या.

स्पीडोमीटर मात्र प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवतोय. कारण सरळ आहे. टेल हाउसिंगमध्ये स्पीडोमीटरचं लहान प्लास्टिकचं चाक असतं, त्याचे दाते मागच्या ॲक्सलच्या प्रमाणाप्रमाणे निवडलेले. आपल्या गाडीत मूळचं ३.२३ चं ॲक्सल आहे. सेंट लुइसच्या त्या गाडीत दुसरं असणार. योग्य दात्यांचं चाक मागवलंय. त्याच्या घरावर दात्यांच्या संख्येचे गट कोरलेले असतात, नवीन चाक ज्या गटात येतं ती खूण खाली येईल असं ते घर फिरवून बसवावं लागतं. नाहीतर दाते नीट जुळत नाहीत आणि चाक खाल्लं जातं.

१२ एप्रिल, शनिवार

चाक आलं, बसवलं, फोनच्या जीपीएसशी ताडून पाहिलं, जुळतं. जुन्या चाकाचे दाते मोजून तो आकडाही वहीत लिहिला.

४०० चं दुसरं अक्षर भिंगाखाली, तिरप्या उजेडात आज वाचता आलं. एक्स. पीएक्स हा १९६७ च्या जीटीओचा कोड. पत्र्याचं लेबल बदललं.